इंजिन उघडायचं कधी?

केंद्र सरकारने सागरी सुरक्षा योजना आखली ती २००५ मध्ये. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ट्रॉलरवरून आलेले दहा अतिरेकी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले आणि योजनेला घाईने वेग आला. किनारी राज्यांसाठी मंजूर झालेल्या २०४ बोटी, काही १२ टनी तर काही ५ टनी, गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतून बाहेर पडू लागल्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही त्यातला वाटा मिळाला. बोट आली की नारळ फुटतो, फोटो छापून येतात. त्यानंतरची वीस वर्षं मात्र एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाभोवती फिरत राहतात : तिच्या इंजिनाला हात कधी लावायचा?

उत्पादकाच्या पुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं असतं. अडीचशे तासांनी तेल आणि फिल्टर, हजारेक तासांनी व्हॉल्व्हचं सेटिंग, काही हजार तासांनी पूर्ण ओव्हरहॉल. पण पुस्तिका जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेली असते. थंड, नितळ पाण्यात रोज एकाच वेगाने जाणारी बोट आणि मे महिन्यात धरमतरच्या गढूळ खाडीत तासन् तास रेंगाळणारी बोट, दोघींना ती एकच आकडा लागू करते. म्हणून पुस्तिकेतला आकडा सुरुवात करायला चांगला. वॉरंटी संपेपर्यंत तर तो पाळावाच लागतो. पुढे मात्र ताफा सांभाळणाऱ्याला स्वतःचा हिशेब मांडावा लागतो.

या हिशेबात दोन चुका होतात. ‘बंद पडेल तेव्हा बघू’ ही एक, आणि ती चूक आहे हे सगळ्यांना कळतं. दुसरी सद्गुणासारखी दिसते : ‘जितक्या वेळा उघडू तितकं चांगलं’. ती चूक का आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

तपासणीनंतरच बिघाड

ब्रिटनच्या हवाई दलाचा कोस्टल कमांड हा विभाग अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असे. विमानं मोजकी आणि त्यातली बरीचशी दुरुस्तीत अडकलेली. विमानं जास्त वेळ हवेत कशी ठेवायची याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटात सी. एच. वॉडिंग्टन होते. त्यांचा मूळ विषय गर्भविज्ञान. विमानांची तपासणी दर ५० उड्डाणतासांनी होई. तपासणीनंतर किती तासांनी कोणता अनपेक्षित बिघाड झाला, याचा आलेख या गटाने काढला. तपासणी झाल्याझाल्या बिघाड सर्वांत कमी असतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील, अशी कुणाचीही अपेक्षा असती. आलेख नेमका उलटा निघाला. सर्वाधिक बिघाड तपासणीनंतरच्या पहिल्या काही तासांत होत होते आणि नंतर ते हळूहळू कमी होत होते.

म्हणजे तपासणीच काही बिघाड जन्माला घालत होती. नीट चाललेला भाग उघडला की नट पुरता आवळला जात नाही, गॅस्केट तिरकं बसतं, तेलाच्या वाटेत कचरा जातो, नवा सुटा भागच सदोष निघतो. तपासण्यांमधलं अंतर वाढवावं आणि ज्या कामांनी काही साधत नाही ती गाळावीत, असा निष्कर्ष निघाला. हे सगळं त्या काळी गुप्त होतं. वॉडिंग्टन यांचं पुस्तक छापून आलं ते १९७३ मध्ये.

नागरी विमान कंपन्याही पुढे याच निष्कर्षावर आल्या. युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. देखभालीच्या शास्त्रात तो आजही पायाभूत मानला जातो. विमानाचे वेगवेगळे भाग वयानुसार कसे बिघडतात, याचे सहा नमुने त्यांनी मांडले. ठरावीक वय झालं की बदलल्याने फायदा होईल असे भाग निघाले जेमतेम ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्के भागांच्या बाबतीत वयाची मर्यादा घालून काही उपयोग नव्हता. त्याच अहवालात नोंद आहे की डीसी-८ विमानाच्या मूळ कार्यक्रमात ३३९ भागांना ठरलेल्या वेळी ओव्हरहॉल होता, तर नंतरच्या डीसी-१० मध्ये फक्त सात भागांना.

हे विमानाचे आकडे जसेच्या तसे बोटीला चिकटवता येत नाहीत. खारं पाणी धातू खातं, रबर म्हातारं होतं, गाळ पंपाची पाती घासतो. बोटीत वयाने मरणारे भाग विमानापेक्षा जास्त असणार. पण प्रश्न तोच राहतो आणि तो अख्ख्या इंजिनाला न विचारता एकेका भागाला विचारायचा असतो : हा भाग वयाने मरतो की अवचित?

पाचशे तास कुठून आले?

स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये मांडलेलं एक सूत्र इथे कामाला येतं. त्यात भागाचं ‘मरण्याचं वळण’ एका आकड्यात पकडता येतं. तो आकडा एकापेक्षा कमी असेल तर भाग नवा असतानाच जास्त बिघडतो. बरोबर एक असेल तर बिघाड अवचित येतो, वयाशी त्याचा संबंध नसतो. एकापेक्षा जास्त असेल तर भाग झिजतो आणि जितका जुना तितका धोका वाढतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा भाग झिजणारा आहे आणि वायबुलचा आकडा ३ आहे. सुमारे हजार तासांपर्यंत अशा भागांतले ६३ टक्के निकामी होतात. जेटीवर ठरवून बदलायचा तर खर्च २० हजार रुपये. समुद्रात तुटला तर ओढून आणणं, त्याने बिघडवलेले इतर भाग आणि बुडालेली गस्त धरून एक लाख. आता वेगवेगळ्या अंतरांनी तो बदलला तर चालत्या तासामागे किती खर्च येतो?

दर २५० तासांनी बदलला तर तासाला सुमारे ८५ रुपये. ५०० तासांनी बदलला तर ६१. ७५० तासांनी ७०, हजार तासांनी ८७. तुटेपर्यंत वाट पाहिली तर ११२. सर्वांत स्वस्त जागा ५०० तासांच्या आसपास सापडते. गंमत अशी की ४०० तासांना हाच खर्च ६३ रुपये येतो आणि ६०० तासांना ६२. म्हणजे आलेखाचा तळ टोकदार नसतो, चांगला पसरट असतो. शंभर तास इकडेतिकडे झाले तर रुपया-दोन रुपयांचाच फरक. हा पसरटपणा ताफ्याचं नियोजन करताना फार उपयोगी पडतो.

आता तोच खर्च, तेच हजार तास, पण भाग अवचित बिघडणारा, म्हणजे वायबुलचा आकडा १. इंजिन नियंत्रणाचं एखादं इलेक्ट्रॉनिक कार्ड समजा. तुटेपर्यंत थांबलं तर तासाला १०० रुपये. दर ५०० तासांनी निष्ठेने बदललं तर १३१. पैसे जास्त जातात आणि बिघाडाची शक्यता तेवढीच राहते, कारण नवं कार्ड जुन्यापेक्षा तसूभरही भरवशाचं नसतं. अशा भागाला वेळापत्रक लावू नये. तो भाग बोटीवर जास्तीचा ठेवावा.

उदाहरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र तो एक लाखाचा. मालवाहू जहाज बंद पडलं तर भाडं बुडतं आणि नुकसान रुपयांत मोजता येतं. गस्ती बोट बंद पडली तर काय बुडतं? एक रात्र खाडीचं तोंड उघडं राहतं. बुडणाऱ्या मच्छीमारापर्यंत पोचायला उशीर होतो. या रात्रीची किंमत ठरवली नाही तर इंजिनाचं गणित सुटत नाही. बिघाडाचा खर्च ठरवून बदलण्याच्या पाचपट मानला तर उत्तर ५०० तास येतं. वीसपट मानला तर तेच उत्तर ३०० तासांवर उतरतं. भाग तोच, झीज तीच. ‘तीनशे की पाचशे’ हा वाद फिटर आणि हिशेबनीस यांच्यात रंगतो, पण तो मुळात एका बुडालेल्या गस्तीची किंमत काय, याचा वाद असतो.

रबराची सहा पाती

झिजणारा भाग जवळून पाहायचा तर समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला इंपेलर पाहावा. तळहातावर मावेल एवढं रबरी चक्र, त्याला साधारण सहा ते बारा लवचिक पाती. पंपाच्या घरात ती वाकून बसतात आणि फिरताना पाणी पुढे ढकलतात. हे पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनाच्या आतल्या गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. इंपेलर गेला तर काही मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो.

हा इंपेलर तीन प्रकारे मरतो. गाळाच्या पाण्याने पात्यांच्या कडा घासतात : ही तासांची झीज. तळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन सुरू केलं, किंवा प्लास्टिकची पिशवी पाणी घेण्याच्या तोंडावर बसली, तर कोरडं रबर थोड्याच वेळात जळतं : हा अपघात. आणि बोट महिनोन् महिने जेटीला बांधून राहिली तर वाकलेली पाती तशीच वाकलेल्या आकारात कडक होतात, इंजिन सुरू करताच बुडापाशी तडकतात : हे पंचांगाचं मरण. पहिल्यासाठी तास मोजावे लागतात, दुसऱ्यासाठी खलाशाला शिकवावं लागतं, तिसऱ्यासाठी महिने मोजावे लागतात. नुसतं ‘दर ५०० तासांनी इंपेलर’ असं लिहिलं तर तिन्हींपैकी एकाचाच बंदोबस्त होतो.

शिवाय तुटलेलं पातं तिथेच राहत नाही, ते पाण्याबरोबर पुढे जातं आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकतं. म्हणून जाणता फिटर जुना इंपेलर काढल्यावर पात्यांचे तुकडे जमवून चक्र पुरं होतं का ते पाहतो. एक तुकडा कमी भरला तर तो सापडेपर्यंत काम संपत नाही. घाईत नवा इंपेलर बसवून बोट सोडली की काही दिवसांनी ‘इंजिन गरम होतं’ अशी तक्रार येते आणि दोष नव्या इंपेलरवर जातो.

एक तास म्हणजे किती?

इंजिनावरचं मीटर तास मोजतं. पण सगळे तास सारखे नसतात. गस्त म्हणजे बराच वेळ मंद गतीने रेंगाळणं आणि संशयित होडी दिसली की एकदम पूर्ण थ्रॉटल. मंद गतीला सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, इंजेक्टरच्या टोकाला आणि टर्बोचार्जरमध्ये काजळी साचते, लायनरचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन तेल धरेनासा होतो. पूर्ण थ्रॉटलला उलट सगळे भाग उष्णतेने आणि दाबाने ताणले जातात. बोटीच्या बुडाला शिंपल्यांचा थर चढला असेल तर त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त राबावं लागतं. मीटरवर मात्र प्रत्येक वेळी एकच तास पडतो.

म्हणून कॅटरपिलरसारखे उत्पादक काही कामांचं अंतर तासांबरोबर जळालेल्या इंधनाच्या लिटरमध्येही देतात. इंजिनाने किती काम केलं याचा लिटर हा जास्त प्रामाणिक हिशेब. आजच्या इंजिनांचा संगणक तर कोणत्या फेऱ्यांवर, किती भारावर, किती वेळ गेला याची नोंदच ठेवतो. ती सर्व्हिसिंगच्या वेळी उतरवून घ्यावी लागते, एवढंच.

उभ्या बोटीची गोष्ट वेगळी. महिन्याला वीस तास चालणाऱ्या बोटीचे वर्षाला २४० तास होतात. तासांवर भरवसा ठेवला तर तिचं तेल वर्षभर बदललं जाणार नाही. तोवर तेलात ओल आणि आम्ल साचलेलं असतं. अर्ध्या भरलेल्या टाकीच्या आत दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढते आणि तिचा चिकट गाळ भर समुद्रात फिल्टर बंद पाडतो. म्हणूनच पुस्तिकेत ‘इतके तास किंवा बारा महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. दर सोमवारी जेटीवरच दहा मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याची सवयही फारशी कामाची नाही. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, ओल उडत नाही, उलट वाढते. इंजिन चालवायचं तर बोट बाहेर काढून, भार देऊन, पूर्ण तापेपर्यंत चालवावं.

काही भागांसाठी तास, महिने, लिटर सगळेच मागे पडतात, कारण मरण्याआधी ते सूचना देतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला की त्यातला लोहाचा अंश लायनर, रिंग आणि गिअर यांची झीज सांगतो, तांबं बेअरिंग आणि बुशांची, सोडियम वाढला तर खारं पाणी कुठून तरी आत शिरतंय. नमुना गरम तेलाचा, दर वेळी एकाच जागेवरून घ्यायचा. नमुन्यासोबत ते तेल किती तास चाललं हेही लिहायचं, कारण शंभर तासांत आलेलं ४० पीपीएम लोह आणि अडीचशे तासांत आलेलं ४० पीपीएम यांचा अर्थ वेगळा. एका आकड्यापेक्षा त्याची चढण महत्त्वाची.

नमुना किती वेळा घ्यावा यालाही नियम आहे. चाहूल लागल्यापासून भाग बंद पडेपर्यंत जेवढा काळ मिळतो, त्याच्या निम्म्याहून जास्त अंतर ठेवू नये. चाहूल दोनशे तास आधी लागत असेल तर नमुना शंभर तासांच्या आत. अहवाल यायला लागणारा वेळही त्यातूनच वजा करायचा. बोट महिन्याला शंभर तास चालत असेल आणि अहवाल तीन आठवड्यांनी येत असेल, तर सुमारे सत्तर तास कागदाच्या प्रवासातच गेले.

दहांतल्या आठ

आतापर्यंत एका बोटीचा विचार झाला. ताफ्याचा विचार केला की आकडे वेगळे वागतात. दहा बोटी आहेत आणि रोज किमान आठ पाण्यात हव्यात असं धरू. प्रत्येक बोट शंभरांतले ९० दिवस तयार असेल आणि एकीचा बिघाड दुसरीवर अवलंबून नसेल, तर शंभरांतल्या ९३ दिवशी आठचं उद्दिष्ट पूर्ण होतं. बोटींची तयारी ९० वरून ८० दिवसांवर घसरली तर उद्दिष्ट गाठणारे दिवस ६८ वर येतात. एका बोटीला वाटणारी थोडीशी ढिलाई ताफ्याला महाग पडते. आणि ही ढिलाई बहुतेक वेळा कार्यशाळेत घडत नाही. काम दोन दिवसांचं असतं, बोट दोन महिने उभी राहते, कारण सुटा भाग निविदेत अडकलेला असतो. तिथे देखभालीचं अंतर घटवून काही साधत नाही, भाग आधीच फळीवर असावा लागतो.

एकाच खरेदीत आलेल्या बोटींची आणखी एक खोड असते. त्यांचे तास सारख्याच चालीने वाढतात आणि ओव्हरहॉलही एकदमच येतो. इथे खर्चाच्या आलेखाचा तो पसरट तळ कामाला येतो. काही बोटी ठरवून शंभर तास आधी घ्यायच्या, काही शंभर तास नंतर. खर्चात नगण्य फरक पडतो आणि धक्क्यावर रांग लागत नाही. एकमेकांजवळ येणारी कामंही याच मोकळिकीतून एकत्र बांधता येतात. पंप उघडलाच आहे तर हीट एक्स्चेंजरची गंज रोखणारी झिंक पेन्सिल आणि पट्टाही त्याच दिवशी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून शाकारल्या जातात, जाळी विणली जातात, इंजिनं उघडली जातात. कोळ्यांनी हे वेळापत्रक समुद्राकडूनच घेतलं आहे. लहान गस्ती बोटींचीही जड कामं त्याच काळात उरकणं शहाणपणाचं. मात्र सगळ्या एकदम उघडायच्या नाहीत, कारण किनाऱ्याची राखण पावसाळ्यातही असतेच. आणि वॉडिंग्टनचा धडा विसरायचा नाही : नुकतीच उघडलेली बोट सर्वांत कमी भरवशाची. तिचे ओव्हरहॉलनंतरचे पहिले पंचवीस-तीस तास जेटीच्या टप्प्यात, फिटरला सोबत घेऊन घालवावेत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र होड्यांनी भरतो, त्याआधी हे उरकलेलं असावं.

न बिघडलेल्या भागाची नोंद

हे सारं गणित नोंदवहीवर उभं असतं, आणि नोंदवहीत एक फसवी जागा असते. समजा दहा इंपेलर बसवले. तीन अनुक्रमे ३००, ४०० आणि ५०० तासांना तुटले. उरलेले सात ६०० तासांनाही ठणठणीत आहेत. फक्त बिघाडांच्या नोंदी पाहणारा सरासरी काढतो ४०० तास आणि अंतर आणखी खाली आणतो. पण त्या सात इंपेलरांनी ‘आम्ही ६०० च्या पुढे जातो’ ही साक्ष दिलेली असते, ती कुणी लिहूनच घेतलेली नसते. अशा अर्धवट साक्षी हिशेबात कशा धरायच्या, याची रीत एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये दिली. वैद्यकातही रुग्णांच्या आयुर्मानासाठी तीच वापरतात.

नोंदवहीत त्यासाठी फार काही लागत नाही. काढलेला भाग किती तास आणि किती महिने चालला, तुटला म्हणून काढला की वेळ झाली म्हणून, आणि वेळ झाली म्हणून काढला असेल तर त्याची हालत कशी होती. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. ‘बदलला’ एवढं लिहून भाग भंगारात जातो. ‘पाती शाबूत, कडा किंचित घासलेल्या’ असं इंजिन ड्रायव्हरने लिहिलं की कळतं, अंतर वाढवायला जागा आहे. ‘दोन पाती तडकलेली’ लिहिलं की कळतं, आपण काठावर होतो. या माहितीला वेगळा पैसा लागत नाही.

असं दोन-तीन हंगाम केलं की पुस्तिकेतल्या एका आकड्याच्या जागी ताफ्याची स्वतःची यादी तयार होते : कोणते भाग तासांवर, कोणते महिन्यांवर, कोणते नमुन्यावर, आणि कोणते तुटेपर्यंत चालवायचे. त्या यादीतही एक रकाना फिटरला भरता येत नाही, संगणकालाही नाही. एक गस्त चुकली तर तिची किंमत किती, हे बोटी पाठवणाऱ्या अधिकाऱ्यानेच ठरवून लिहून द्यायचं असतं. त्याने लिहिलं नाही तरी ती किंमत ठरतेच. मग देखभालीच्या बजेटात जेवढे पैसे उरले, तेवढीच ती ठरते.